रिकाम्या दिसणाऱ्या गाडीबद्दल विभाग नियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
मा. विभाग नियंत्रक, राज्य परिवहन,
आणि आमच्या तालुक्याचे मा. आगार व्यवस्थापक.

माहितीसाठी: मार्गावरील सर्व ग्रामपंचायती, शाळा व कनिष्ठ महाविद्यालये, पंचायत समिती, आणि फाट्यावर गाडीची वाट पाहणारे सगळे.

विषय: मुक्कामी गाडी आणि संध्याकाळची साडेपाचची फेरी बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

महोदय,

या शैक्षणिक सत्राच्या तोंडावर आमच्या मार्गावरची मुक्कामी, म्हणजे रात्री गावातच थांबून पहाटे निघणारी, गाडी बंद झाली. पाठोपाठ शाळा-कॉलेज सुटल्यावर गावाकडे येणारी साडेपाचची फेरीही वेळापत्रकातून निघाली. लेखी काहीच आले नाही. तोंडी कारण मिळाले ते असे: भारमान कमी आहे, ज्याच्या-त्याच्या दारात दुचाकी आहे, लोकच एसटीत बसत नाहीत.

हे पत्र लिहिणाऱ्यांत पासधारक मुला-मुलींचे पालक आहेत, शिक्षक आहेत, वावरात मजुरीला जाणाऱ्या बाया आहेत आणि अशाच मार्गांवर वाहक म्हणून उभी नोकरी काढून निवृत्त झालेली माणसेही आहेत. आमची गावे कापूसपट्ट्यात, तालुक्याच्या ठिकाणापासून २५ ते ३० किलोमीटर आत आहेत. जवळून रेल्वे जात नाही. दवाखाना, बँक, तहसील, बारावीचा वर्ग, सगळे त्या एका रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

"लोकच बसत नाहीत" हे वाक्य आम्ही मुकाट्याने मान्य करणार नाही. लोक का बसत नाहीत याचा विचार या निर्णयात कुठेच दिसत नाही. वेळापत्रक आखताना असे धरले जाते की प्रत्येक प्रवासी एकटा बसून तिकीट, वेळ आणि सोय यांचा हिशेब करतो आणि मग गाडी निवडतो. खेड्यात असे होत नाही. शेजारची मुलगी कशाने जाते, मास्तर कशाने येतात, फाट्यावर काल गाडी आली होती का, सोबतीला कोण आहे, हे पाहून घर ठरवते आणि घरे पाहून गाव ठरवते. म्हणून एक फेरी बंद केली की त्या फेरीचे दहा-बारा प्रवासी जातात आणि त्यांच्याकडे पाहून बसणारे पुढचे तीस-चाळीस प्रवासीही हळूहळू जातात. मग तीच घट पुढच्या कपातीचे कारण होते.

आमच्या तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार भारमान काढण्याच्या पद्धतीबद्दल.

भारमान म्हणजे उपलब्ध आसन-किलोमीटरपैकी भरलेले आसन-किलोमीटर. ४४ आसनांची गाडी २८ किलोमीटर धावली की १,२३२ आसन-किलोमीटर झाले. आता सकाळी गावाकडून तालुक्याला जाणारी फेरी घ्या. समजा पहिल्या १० किलोमीटरला गाडीत १२ माणसे आहेत, पुढच्या १० किलोमीटरला २५, आणि शेवटच्या ८ किलोमीटरला उभे धरून ५०. गुणाकार-बेरीज केली की ७७० येतात, म्हणजे साधारण साडेबासष्ट टक्के. शेवटच्या आठ किलोमीटरला पाय ठेवायला जागा नाही, तरी कागदावर गाडी पाऊणही भरलेली नाही.

खरे नुकसान पुढे आहे. मुक्कामी गाडी संध्याकाळी माणसे घेऊन गावात यायची, रात्री तिथेच थांबायची आणि पहाटे सहाला माणसे घेऊन निघायची. दोन्ही बाजूंनी भरलेली. मुक्काम बंद केल्यावर तीच गाडी रात्री गावातून रिकामी परत जाणार आणि सकाळी आगारातून रिकामी येणार. या उलट्या फेऱ्यांत चार-चार माणसे धरली तरी चार फेऱ्यांचे मिळून ४,९२८ आसन-किलोमीटर होतात आणि भरतात १,७६४. भारमान छत्तीस टक्क्यांच्याही खाली येते. प्रवासी तेवढेच, मुली त्याच, शेवटच्या आठ किलोमीटरची चेंगराचेंगरी तीच. आकडा मात्र जवळजवळ निम्मा. शिवाय रोजचे ५६ किलोमीटर वाढले. लिटरला साडेचार किलोमीटर धरले तर हे सुमारे १२ लिटर डिझेल रिकामी गाडी फिरवण्यात जाते. मुक्काम बंद करून बचत झाली असे कोणी म्हणत असेल तर हा हिशेब त्यांनी आमच्यासमोर मांडावा.

यात पासधारकांचा प्रश्न वेगळा. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत शाळेचा प्रवास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. खच्चून भरलेल्या गाडीत वाहकाला प्रत्येक पास मशीनवर नोंदवायला सवड नसते. जिथे नोंद राहते तिथे मुलगी गाडीत असते पण हिशेबात नसते. ज्या फेरीत पासधारक अधिक, तीच फेरी कागदावर सर्वांत रिकामी दिसण्याचा धोका असतो, आणि बंद करायच्या फेऱ्यांची यादी त्या कागदावरून होते.

दुसरी तक्रार मुलींच्या सोबतीबद्दल. हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मुलीला अकरावीला पाठवायचे की नाही हे फाट्यावर ठरत नाही, ते घरात ठरते. विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: "आणखी कोण कोण जाऊन राह्यलं?" आता एका गावातल्या दहा मुली डोळ्यांसमोर आणा. पहिलीचे वडील म्हणतात, कोणी असो नसो, तू जा. दुसरीची आई म्हणते, एक तरी सोबत पाहिजे. तिसरीच्या घरी दोघी असतील तर परवानगी आहे, चौथीच्या घरी तिघी, असे करत दहावीच्या घरी नऊ जणी जात असतील तरच. ही साखळी जुळली की दहाही मुली गाडीत दिसतात. आता यातली फक्त दुसरी काढा. तिचे लग्न ठरले, किंवा ती मामाकडे शिकायला गेली. पहिली एकटी जाते. तिसरीला दोघी हव्या होत्या, एकच आहे, ती थांबते. तिच्यामुळे चौथी थांबते. उरलेल्या नऊ जणींतून आठ घरी बसतात. त्या घरांची मते बदललेली नाहीत, त्यांची ऐपत बदललेली नाही. अहवालात मात्र लिहिले जाते की एकच विद्यार्थिनी, प्रतिसाद नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये शंभर माणसांच्या जमावाचे उदाहरण घेऊन हेच गणित मांडले होते: प्रत्येकाचा एक उंबरठा असतो, किती जण आधी पुढे गेले की मी जाईन याचा, आणि एका माणसाच्या फरकाने सगळ्या जमावाचे वागणे पालटू शकते. आमच्या गावांत हे दर जूनच्या शेवटी, शाळा उघडतात तेव्हा दिसते. सत्राचे पहिले दोन-तीन आठवडे साखळी जुळण्याचे असतात. नेमक्या त्याच दिवसांत गाडी बंद झाली किंवा आठवड्यातून दोनदा आली नाही, तर त्या वर्षापुरती साखळी जुळतच नाही. ऑगस्टमध्ये गाडी पूर्ववत केली तरी मुली परत येत नाहीत, कारण तोवर कुणाचा प्रवेश रद्द झालेला असतो, कुणी निंदणाच्या कामाला लागलेली असते.

साडेपाचची फेरी गेल्याने आता पुढची गाडी साडेसातला आहे. डिसेंबरात आमच्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेसातच्या गाडीने फाट्यावर उतरून गावापर्यंत दीड-दोन किलोमीटर चालायचे तर सव्वाआठ-साडेआठ वाजतात. वेळापत्रकात तो दोन तासांचा बदल आहे. घरात तो मुलीच्या शिक्षणाचा निकाल आहे.

एकदम सगळ्या मुलींची सोय झाली तर काय होते हे बिहारने दाखवले आहे. तिथे २००६ पासून नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश यांच्या अभ्यासात त्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि मुलगे-मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत परिणाम अधिक होता. सायकल एकेका मुलीला मिळाली असती तर ती रस्त्यावर एकटी पडली असती. वर्गातल्या सगळ्यांना मिळाली, म्हणून मुली घोळक्याने निघाल्या आणि मुलगी सायकलवर दिसणे नेहमीचे झाले. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या याच विचाराने आल्या, १२५ मागास तालुक्यांसाठी. त्या गाड्या शाळेच्या वेळेला शाळेच्या मुलींसाठीच धावायला हव्यात. लग्नाच्या तारखांना किंवा यात्रेच्या दिवसांत त्या दुसरीकडे वळवल्या की वर सांगितलेली साखळी तुटते, आणि ती कशाने तुटली हे कुठल्याही नोंदीत येत नाही.

तिसरी तक्रार बेभरवशाबद्दल.

काळी-पिवळी जीप फाट्यावर कशी भरते हे आगारातल्या नियोजनकर्त्यांनी एकदा उभे राहून पाहावे. रिकाम्या गाडीत कोणी बसत नाही, कारण रिकामी गाडी म्हणजे उशीर. म्हणून चालक आधी ओळखीचे दोघे-तिघे बसवतो, एखाद्या म्हातारीला पुढची जागा देतो. ती बसली की बाया बसतात, बाया बसल्या की मागे पोरे लटकतात. गाडी भरते ती माणसांनी माणसांकडे पाहून. चालक नावाने हाक मारतो, पिशवी टपावर चढवतो, उधारी ठेवतो, फोन केला तर पाच मिनिटे थांबतो. तो जास्त माणसे कोंबतो आणि ते धोक्याचे आहे, हे आम्हाला कळते. तरीही गाव त्याच्याकडे वळते, कारण तो येणार हे ठाऊक असते.

एसटीला अशा पहिल्या प्रवाशाची गरज नाही. ती रिकामी असली तरी वेळेवर निघते, हेच तिचे बळ. पण ती येईलच अशी खात्री असेल तरच हे बळ उपयोगी पडते. एक फेरी न सांगता रद्द झाली की फाट्यावरच्या वीस माणसांना एकाच वेळी फटका बसतो. ती वीस माणसे रात्री पारावर, नळावर, किराणा दुकानात सांगतात, "येसटीचा काई नेम नाई." दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर आली तर ती बातमी कोणी सांगत नाही. म्हणून आठवड्यातले पाच दिवस आलेली गाडी लोकांच्या बोलण्यात "न येणारी गाडी" होते. महिन्याला चार-पाच रद्द फेऱ्या आगाराला किरकोळ वाटत असतील. गावाच्या मनातला तिच्यावरचा भरवसा घालवायला तेवढ्या पुरतात.

फेऱ्या कमी केल्याने वाट पाहणे वाढते, वाट पाहणे वाढले की माणसे कमी होतात, माणसे कमी झाली की फेऱ्या आणखी कमी होतात. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये बसवाहतुकीतला फेऱ्या, वाट पाहणे आणि प्रवासी यांचा हा संबंध गणिताने मांडला. आम्हाला तो फाट्यावर दिसतो.

चौथी तक्रार: तुटलेली सवय परत आणण्यासाठी काहीच केले गेले नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाड्या थांबल्या. त्यातून सावरेपर्यंत २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिल २०२२ पर्यंत संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल आम्हाला आदरच आहे; आमच्यातले काही त्याच खात्यातून निवृत्त झालेले आहेत. पण त्या महिन्यांत गावांनी दुसरी सोय लावून घेतली. कुणी हप्त्यावर दुचाकी घेतली, कुणी चौघांत मिळून ऑटो ठरवला, काही मुलींनी शिक्षण सोडले. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवसांचा संप झाला होता. त्यानंतर अभ्यासकांनी प्रवाशांच्या कार्डांची नोंद तपासली, तेव्हा साधारण ५ टक्के प्रवासी संप संपल्यावरही नव्या मार्गालाच चिकटून राहिलेले आढळले. दोन दिवसांत एवढे. आमच्याकडे गाडी पाच महिन्यांहून अधिक काळ बंद होती. त्यानंतर मोठ्या मार्गांवर फेऱ्या आल्या, आतल्या गावांच्या फेऱ्या अर्धवट आल्या, आणि लगेच भारमान मोजायला सुरुवात झाली.

सवय मोडली तशी जोडताही येते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली तेव्हा ते सगळ्यांनी पाहिले. बाया गाडीत दिसू लागल्या, त्यांना पाहून आणखी बाया आल्या. माहेरी, लग्नाला, दवाखान्यात जायचे तर "येसटीनंच जाऊ" असे बाया म्हणू लागल्या आणि घरचे पुरुषही सोबत आले. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला होता. या दोन निर्णयांबद्दल आम्ही शासनाचे मनापासून आभारी आहोत. पण अर्धे तिकीट गाडीत मिळते. गाडीच नसेल तर आमच्या गावच्या बाईला सवलत नाही. ती काळी-पिवळीला पूर्ण भाडे देते.

पाचवी तक्रार प्रतिष्ठेबद्दल, आणि ती एकट्या आगाराची नाही.

पूर्वी मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, नर्सबाई याच गाडीने येत. त्यांची खिडकीजवळची जागा ठरलेली असे, आणि ज्या गाडीत मास्तर बसतात ती गाडी चांगली असे गाव मानत असे. आता बहुतेक जण तालुक्याहून दुचाकीने किंवा चौघे मिळून कारने अपडाऊन करतात. गाडीची वेळ कार्यालयाच्या वेळेशी जुळत नाही, तेव्हा त्यांनाही दोष देता येत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की गाडीत उरले ते लहान विद्यार्थी, बाया आणि म्हातारी माणसे. अठरा-वीस वर्षांच्या पोराला "अजून येसटीनंच येतं का बे?" असे मित्र विचारतात. त्या प्रश्नामुळे बापाने कापूस विकून किंवा कर्ज काढून घेतलेल्या दुचाक्या गावागावांत आहेत.

हिशेब पाहिला तर दुचाकी स्वस्त नाही. रोज ५६ किलोमीटर, लिटरला ५० चा सरासरी पल्ला धरला, तर एक लिटरहून अधिक पेट्रोल लागते, आणि पेट्रोल शंभरीच्या वर आहे. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा, म्हणजे २८ किलोमीटरला पाच टप्पे. जानेवारी २०२५ ची १४.९५ टक्के भाडेवाढ धरूनही एका बाजूचे पूर्ण तिकीट पन्नाशीच्या आसपास येते, पासावर तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. दुचाकीवर दोघे बसले तर पेट्रोलपुरती ती एसटीच्या पूर्ण तिकिटापेक्षा स्वस्त पडते, हे खरे आहे. म्हणून तीन-तीन जण बसतात. त्यात सोळा-सतराची, परवाना नसलेली पोरे असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा पालकांना माहीत नाही असे नाही. एका पोराकडे गाडी आली की बाकीच्यांच्या घरी रोज तोच विषय निघतो आणि पालक हरतात. वेळेवर येणारी, बसायला जागा असलेली, वर्गातले निम्मे मित्र जिच्यात आहेत अशी एसटी हेच त्यावरचे उत्तर आहे. नुसत्या दंडाने हे थांबलेले नाही.

सहावी तक्रार थोडक्यात. मार्गावर चालक-वाहक रोज बदलतात. नव्या वाहकाला कोणत्या फाट्यावर कोण चढते, शाळा शनिवारी किती वाजता सुटते, कोणत्या नाल्याला पाणी चढले की गाडी कुठून फिरवायची हे ठाऊक नसते. गाडी फाट्यापुढे शंभर-दोनशे मीटरवर थांबते आणि पळत येणाऱ्यांना सोडून निघते. ओळखीचा वाहक "त्या दोघी येऊन राह्यल्या, थांबा" असे चालकाला सांगतो. गावाने गाडी आपली मानावी असे वाटत असेल तर हे लागते. फाट्यावरच्या फलकांवर जुन्या वेळा आहेत किंवा काहीच नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता आमच्या मागण्या. एकही मागणी नव्या गाडीची नाही.

१. मुक्कामी गाडी पूर्ववत सुरू करावी. पहाटे सहाला गावातून निघणारी आणि साडेपाचला तालुक्याहून सुटणारी फेरी शाळेच्या दिवशी कोणत्याही कारणाने दुसरीकडे वळवू नये.

२. सुरू केल्यावर सलग सहा महिने, जुलै ते डिसेंबर, तिचा निकाल लावू नये. मे महिन्यात शाळा बंद असतात, ऊन ४५ अंशांच्या पुढे जाते. त्या महिन्याचे भारमान धरू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणीला मजूर बायांना शेतकरी स्वतःच्या वाहनाने नेतात. त्या घटीकडे स्वतंत्रपणे पाहावे.

३. मुक्कामी गाडीचे भारमान संध्याकाळची आणि सकाळची फेरी मिळून काढावे, रिकामी परतफेरी त्यात धरू नये. पासधारकांची मोजणी महिन्यातून तीन ठरावीक दिवशी शेवटच्या आठ किलोमीटरच्या आधी, माणसे मोजून करावी. मोजणीला ग्रामपंचायतीचा एक सदस्य हजर ठेवावा.

४. फेरी रद्द होणार असेल तर किमान अर्धा तास आधी वाहतूक नियंत्रकांनी प्रत्येक गावातल्या तीन ठरलेल्या व्यक्तींना फोन करावा: पोलीस पाटील, मुख्याध्यापक आणि फाट्यावरचा दुकानदार. मोबाइलवरच्या गटात संदेश टाकून भागत नाही. तो कोणी पाहत नाही, कालचा संदेश आज पुढे जातो आणि गोंधळ वाढतो.

५. मार्गावर एकच चालक-वाहक जोडी किमान तीन महिने ठेवावी.

६. प्रत्येक फाट्यावर आणि शाळेच्या भिंतीवर वेळापत्रक तेलरंगात लिहावे. त्यात जाणारी-येणारी वेळ, शेवटची गाडी आणि नियंत्रण कक्षाचा चालू असलेला फोन क्रमांक असावा. भिंत आणि रंगारी आम्ही देऊ, अचूक वेळा तुम्ही द्या.

७. जून २०२५ मध्ये पास थेट शाळेत देण्याची मोहीम जाहीर झाली, तिचे आम्ही स्वागत करतो. आमच्या भागात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून मोहिमेचा आठवडा आमच्या शाळांच्या तारखेला धरून ठेवावा, आणि अकरावीच्या मुला-मुलींना प्रवेशाच्या दिवशीच, कॉलेजात पास मिळावा. बोनाफाइड, आधारची प्रत, फोटो, सही-शिक्का यासाठी मुलाला आगाराच्या तीन चकरा पडतात, तेवढ्यात तो मित्राच्या दुचाकीवर जायला लागतो.

८. यापुढे कोणतीही फेरी बंद करण्याआधी तीस दिवस मार्गावरच्या ग्रामपंचायतींना लेखी कळवावे आणि त्यांचे म्हणणे ऐकावे.

पंचायत समितीलाही एक विनंती. गावात नोकरी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आठवड्यातला एक ठरलेला दिवस या गाडीने यावे, असे आवाहन करावे. सक्ती नको. आगाराने सकाळची वेळ कार्यालयाशी जुळवली तर हे शक्य आहे. शिक्षक आणि तलाठी गाडीत दिसले तर पोरांच्या "अजून येसटीनंच येतं का?" या प्रश्नाला थोडे तरी उत्तर मिळेल.

मुक्कामी गाडी नको वाटण्याचे चालक-वाहकांचेही कारण खरे आहे आणि त्याची जबाबदारी गावांवर येते. गाडीतच झोपायचे, डास, पाणी नाही, संडास नाही, पहाटे तोंड धुवायला हापशी शोधायची. महिला वाहक असेल तर ही अडचण आणखी गंभीर. म्हणून मुक्कामाच्या गावाने ग्रामपंचायतीच्या इमारतीतली एक खोली यासाठी द्यावी: आतून कडी, पंखा, दोन खाटा, पिण्याचे पाणी, वापरात असलेले शौचालय, आणि गाडी उभी करायला रात्री उजेड असलेली जागा. महिला वाहकाची नेमणूक असेल त्या रात्री तिच्यासाठी वेगळी खोली, आणि सोबतीला आशाताई किंवा अंगणवाडीताईंपैकी कुणाचे तरी घर. जेवणाचे दर ठरवून दोन घरांनी जबाबदारी घ्यावी. ही तयारी ग्रामसभेत ठराव करून कळवू. खोली तपासायला आगारातून कोणी यावे आणि उणीव असेल ती लेखी सांगावी.

काळी-पिवळी आणि ऑटो चालवणारी मुले आमचीच आहेत. त्यांचा धंदा बुडावा असे आमचे म्हणणे नाही. बाजाराच्या दिवशी, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला, आणि मधल्या वेळेत त्यांच्याशिवाय गावाचे चालत नाही. शाळेच्या दोन वेळा एसटीकडे असाव्यात आणि बाकीचा दिवस त्यांच्याकडे, एवढे समजून घेऊन दोन्हीकडच्या लोकांची एक बैठक आगारात लावावी. फाट्यावर एसटीच्या थांब्याची जागा मोकळी ठेवण्याचे त्याच बैठकीत ठरवता येईल.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. मागण्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, हे त्यात क्रमांकानुसार लिहावे. पहिल्या मागणीला नकार असेल तर त्यासोबत मागच्या सत्रातले या मार्गाचे महिनावार भारमान, रद्द फेऱ्यांची संख्या आणि पासधारकांची नोंद द्यावी. आम्ही ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवू आणि त्यावर आमचे म्हणणे पुन्हा लेखी पाठवू.

आपले,
मार्गावरील गावांतले एसटी प्रवासी, पालक, शिक्षक व निवृत्त वाहक